जीडीबी: सगळी सिम्बॉल्स आपोआप, की लागतील तेवढीच?

शिरोली एमआयडीसीत मशीन कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. जीडीबी म्हणजे चालत्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा डीबगर, आणि सिम्बॉल्स म्हणजे फंक्शन्स-व्हेरिएबल्सची नावं नि पत्ते. प्लगइन, म्हणजे जोड-लायब्ररी, डीएलओपन या फंक्शनने प्रोग्राम चालू असताना मागाहून येतं, मग जीडीबीला कळतं कसं? लिनक्सचा डायनॅमिक लिंकर (प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा भाग) लोड झालेल्या लायब्ररींची साखळी ठेवतो आणि ती बदलली की एक रिकामं फंक्शन बोलावतो. जीडीबी तिथंच गुपचूप ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावून बसलेला असतो. थांबतो, साखळी वाचतो, नाव-पत्ता घेतो.

इथवर दोन्ही पर्यायांत सारखंच. जीडीबीची 'ऑटो-सोलिब-ॲड' ही सेटिंग ऑन असेल, आणि मुळात असतंच, तर सिम्बॉल्सही लगेच वाचली जातात. अजून न आलेल्या प्लगइनसाठी लावून ठेवलेला पेंडिंग ब्रेकपॉइंट प्लगइन येताच बसतो. ऑफ केलंत तर 'शेअर्डलायब्ररी' कमांडला नाव देऊन हवी तेवढीच उचलायची. मेमरी वाचते, पण तोवर ब्रेकपॉइंट लटकलेला आणि बॅकट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्या यादीत) त्या लायब्ररीतल्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. 'इन्फो शेअर्डलायब्ररी'त त्या ओळीत 'नो' दिसलं, की सिम्बॉल्स वाचलेली नाहीत असं समजायचं.

लॅपटॉपवर माझं मत सरळ ऑनला. शॉप फ्लोअरवरच्या बोर्डाला जीडीबीसर्व्हरनं (बोर्डावर चालणारा जीडीबीचा छोटा जोडीदार) जोडलात, तर ऑफ बरं. सिसरूट, म्हणजे जीडीबी लायब्ररींच्या फायली जिथं शोधतो ती जागा, 'टार्गेट' असला की फायली बोर्डावरूनच नेटवर्कनं ओढल्या जातात. तेवढ्यात चहा होतो. खरं तर सिसरूट लॅपटॉपवरच्या कॉपीकडं वळवा, मग बोर्डावरही ऑन चालतं.