जुनी गाडी विकताना-घेताना पैसे नेमके कसे? कॅश, जीपे, चेक, डीडी की आरटीजीएस

दिवाळीच्या आधी मी माझी नऊ वर्षांची वॅगनआर विकली आणि दोन महिन्यांनी सांगलीहून एक सेकंडहॅण्ड गाडी घेतली, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं. भाव ठरवायला जेवढं डोकं लागलं नाही तेवढं पैसे कसे घ्यायचे नि कसे द्यायचे यात लागलं. एजंट म्हणतो कॅश आणा, बँकेतला मित्र म्हणतो आरटीजीएस (बँकेतून थेट खात्यात) असेल तरच चावी दे, वडील म्हणतात डीडीसारखं (डिमांड ड्राफ्ट) काही नाही, आणि मेव्हण्याने तर त्याची ॲक्टिव्हा पाच मिनिटांत जीपेवर विकून टाकलेली. सगळेच आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर निघाले, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतोय, कोणी आत्ता याच घोळात असेल तर उपयोग होईल.

मुळात अडचण अशी की पैसे एका सेकंदात जातात आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) नावावर व्हायला कधी आठवडा जातो कधी महिना. आधी पैसे सोडले तर घेणारा लटकला, आधी चावी सोडली तर विकणारा. बाहेरच्या काही देशांत पैसे मध्ये तिसऱ्याकडे ठेवतात, एस्क्रो म्हणतात त्याला, आपल्याकडे दोन अनोळखी माणसांच्या गाडीच्या सौद्यात ते काही रुळलेलं नाही. त्यामुळे कुठलाही प्रकार निवडताना मी दोनच गोष्टी बघतो, पैसे पोचले हे तिथल्या तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं का, आणि दिसल्यावर ते परत उलटू शकतात का.

कॅशपासून सुरू करू कारण अजूनही निम्मे लोक तेच म्हणतात. विकणाऱ्याला कॅश आवडते, हातात आली की विषय संपला. पण २०१७ पासून आयकर कायद्यात स्पष्ट आहे की एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि गंमत म्हणजे दंड पैसे देणाऱ्याला नाही तर पैसे घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तोही जेवढी रक्कम घेतली तेवढाच. तीन लाख कॅश घेतली तर तीन लाख दंड, म्हणजे गाडी फुकट गेली. मला एजंटने सुचवलं होतं की दीड आज घ्या, दीड परवा घ्या, मग कुठे दोन लाख होतात. असं चालत नाही, व्यवहार एकच असेल तर तुकडे केले तरी ते एकत्रच धरले जातात. गाडी घेणाऱ्याच्या बाजूने कॅशचा तोटा वेगळा, सही असलेली पावती नसेल तर पैसे दिले हे सिद्ध करायला हातात काही उरत नाही. स्कूटर, जुनी बाईक, लाख-सव्वा लाखाच्या आतली गाडी, इथे कॅश चालेल, पण पार्किंगमध्ये डिकीवर नोटा मोजत बसू नका. विकणाऱ्याच्या बँकेत दोघांनी जायचं आणि काउंटरवर त्याच्याच खात्यात भरायची. नोटा खोट्या आहेत का ते कॅशियरचं मशीन बघतं, रक्कम मोजून होते, आणि स्लिप मिळते ती दोघांच्या कामाची. पॅन मागू शकतात, ते सोबत ठेवा.

आता यूपीआय. छोट्या रकमेला याच्याइतकं सोयीचं काही नाही, मात्र दोन माणसांमध्ये दिवसाला साधारण १ लाखाची मर्यादा आहे, काही बँकांची त्याहून कमी, आणि नवीन फोनवर ॲप चालू केलं असेल तर पहिले चोवीस तास ५ हजारांच्या पुढे जातच नाही. त्यामुळे चारचाकीला यूपीआय म्हणजे फक्त टोकनपुरतं. धोका पैसे जाण्यात नाही, पैसे आल्याचा भास होण्यात आहे. जाहिरात टाकली त्या दिवशी मला पहिला फोन आला तो एका "फौजी" माणसाचा, पोस्टिंग झालीये म्हणे, गाडी न बघताच पसंत, भावही करत नाही, लगेच क्यूआर पाठवला की हा स्कॅन करा, तुमच्या खात्यात ॲडव्हान्स जमा होईल. जो माणूस भाव करत नाही त्याला गाडी नकोच असते, हे माझ्या आईला फोनवरून पलीकडच्या खोलीत कळलं. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर अजिबात लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमचेच पैसे गेले. पूर्वी हे लोक पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवून फसवायचे, ती माणसा-माणसांमधली सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीये, क्यूआर आणि स्क्रीनशॉट मात्र चालूच आहेत. हिरवी टिकमार्क दाखवणारी खोटी ॲप्स मिळतात, बँकेच्या नावाचा एसएमएस पण बनवता येतो. मेव्हण्याचं नशीब चांगलं, त्याने समोरच्याच्या मोबाईलवरची टिक बघून चावी दिली आणि पैसे खरंच आलेले होते. स्वतःचं बँकेचं ॲप उघडून स्टेटमेंटमध्ये एन्ट्री बघायची, दुसऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसतंय त्याला अर्थ नाही.

चेक आणि डीडी लोक एकाच दमात बोलतात पण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चेक म्हणजे नुसता शब्द, खात्यात पैसे असतील तर असतील. बाऊन्स झाला तर कलम १३८ खाली केस करता येते हे खरं, पण त्यासाठी बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्या, मग त्याला १५ दिवसांची मुदत, मग महिन्याभरात कोर्टात तक्रार, आणि एवढं होईपर्यंत तुमची गाडी कुठल्या जिल्ह्यात फिरतेय देव जाणे. तरी कोणी चेकच देतो म्हणाला तर नाही म्हणायचं कारण नाही, ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअर होत राहतात, पूर्वीसारखी दोन दोन दिवस वाट बघावी लागत नाही. चेक आज देऊन जा, पैसे जमा झाले की फोन करतो, मग गाडी न्यायला या, एवढं सरळ सांगायचं. खरा गिऱ्हाईक रुसत नाही.

डीडीचं वेगळं, बँकेने आधीच पैसे कापून घेतलेले असतात त्यामुळे खरा डीडी पैसे नाहीत म्हणून परत येत नाही. वडिलांचा भरवसा त्यावरच, त्यांनी १९९८ साली स्कूटर अशीच विकली होती. अडचण एवढीच की खरा डीडी आणि रंगीत प्रिंटरवरचा डीडी यातला फरक मला तरी कळणार नाही. सप्टेंबर २०१८ पासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, ते नाव आणि समोरच्याचं आधार जुळतंय का एवढं बघता येतं. फसवणारे शनिवारी दुपारनंतर येतात, दुसरा-चौथा शनिवार असेल तर आणखी बरं, म्हणजे सोमवारपर्यंत बँक बंद. डीडीवर छापलेल्या किंवा त्याने दिलेल्या नंबरला फोन करून खात्री करणं म्हणजे चोरालाच विचारणं, शाखेचा नंबर स्वतः शोधा नाहीतर तो डीडी काढतो तेव्हाच त्याच्यासोबत शाखेत जाऊन उभे राहा. पण शाखेत जायचंच आहे तर मग तिथूनच आरटीजीएस का नाही, इथे माझा वडिलांशी वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

खात्यातून खात्यात पाठवायचे तीन रस्ते. आयएमपीएस ५ लाखांपर्यंत, कधीही, लगेच. एनईएफटी अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये, म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत थांबा. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे, लगेच, आणि डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू, एकदा जमा झालं की पाठवणाऱ्याला मागे घेता येत नाही. चारचाकीसाठी माझं मत आरटीजीएस किंवा आयएमपीएस, बाकीचं सगळं मजबुरी असेल तरच.

यात पण एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलो. माझा गिऱ्हाईक बारामतीहून रविवारी बायको-मुलांना घेऊन आला, गाडी पसंत, पेढे पण आणलेले, पैसे पाठवायला बसला तर नवीन बेनिफिशियरीला (नव्याने जोडलेल्या खात्याला) पहिल्या दिवशी त्याची बँक ५० हजारांच्या वर पाठवूच देईना. बऱ्याच बँकांत अशी मर्यादा असते. तो म्हणाला दादा पन्नास आत्ता घ्या, बाकीचे उद्या दुपारी टाकतो, गाडी नेऊ का, पोरं मागच्या सीटवर बसलीसुद्धा होती. नाही म्हणताना फार वाईट वाटलं खरं सांगतो, बायकोने पण डोळे वटारले, पण मी नाही म्हणालो. ते पेढे ठेवून एसटीने परत गेले आणि सोमवारी तो एकटा आला. माणूस सरळच होता. तरी पुन्हा तसा प्रसंग आला तर मी तेच करीन, फक्त आता टोकन घेतानाच सांगीन की आजच माझं खातं ॲड करा आणि १ रुपया पाठवून बघा.

तो १ रुपया मी पुढे सांगलीच्या गाडीला आधीच पाठवला. कारण आरटीजीएस-एनईएफटीमध्ये पैसे खाते नंबरवर जातात, नाव तुम्ही काहीही लिहा, एक आकडा चुकला की भलत्याच्या खात्यात. एप्रिल २०२५ पासून नेटबँकिंगमध्ये पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव बघायची सोय आलीये, ती वापरा, आणि ते नाव आरसीवरच्या नावाशी जुळवा. आरसी बापाच्या नावावर आणि पैसे पोराच्या खात्यात असं कोणी सांगितलं तर थांबा. मालक वारले असतील तर वारसाच्या नावे करायचा फॉर्म ३१ वेगळा असतो, ते आधी होऊ द्या.

विकणाऱ्यासाठी याची उलटी बाजू कोणी सांगत नाही आणि ती जास्त वाईट आहे. पैसे गिऱ्हाईकाच्याच खात्यातून यायला हवेत. "माझ्या पार्टनरच्या खात्यातून पाठवतो" म्हणून तिसऱ्याच नावाने रक्कम आली आणि ते पैसे कुठल्या सायबर फ्रॉडमधले निघाले, तर तक्रारीच्या साखळीत तुमचं खातं पण गोठतं. गाडी गेली, पैसे दिसतात पण काढता येत नाहीत, आणि तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला मेल करत बसता. माझ्या ऑफिसातल्या एकाचं खातं असं अडकलं होतं. तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव, पॅनची कॉपी आणि डिलिव्हरी नोट (गाडी ताब्यात दिल्याचा कागद) तिन्ही एका माणसाची पाहिजेत.

कर्ज चालू असलेली गाडी असेल तर घेणाऱ्याने सगळे पैसे मालकाला देऊच नयेत. बँकेकडून फोरक्लोजरचं पत्र (कर्ज आत्ता पूर्ण फेडायला किती लागतील ते) घ्यायचं, तेवढी रक्कम थेट लोन अकाउंटला भरायची, वरची मालकाला, आणि बँकेची एनओसी व फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय मालकाचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही. नुसतं "बोजा उतरला" असं तोंडी सांगून चालत नाही, 'वाहन' या सरकारी साईटवर एचपी (कर्जाचा बोजा) दिसतंय का ते बघा, तिथेच चलन, इन्शुरन्स आणि २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपीचं (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पण बघून घ्या, नाहीतर पैसे देऊन ट्रान्सफर अडकायची.

शेवटचे दहा-वीस हजार आरसी नावावर होईपर्यंत रोखून धरायचे का, यावर दोन्ही बाजूंना मी वेगवेगळं बोललोय, लपवत नाही. घेताना वाटतं धरावेत, नाहीतर मालक सही-ओटीपीला फोन उचलत नाही. विकताना वाटतं उलट गिऱ्हाईकानेच डिपॉझिट ठेवावं, कारण तो महिनोन्महिने नावावर करत नाही आणि अपघात झाला तर नोंदणीकृत मालक म्हणून भरपाई आपल्या गळ्यात येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. यावर उपाय मला एकच पटला, फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म) सह्या, डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ (किती वाजून किती मिनिटं हे पण), आणि आरटीओचा अर्ज शक्यतो त्याच दिवशी दोघांनी मिळून करायचा, मग कोणी काही रोखायची गरज पडत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री कळवायला १४ दिवस आहेत. माझ्या वॅगनआरची मी तरीही तिसऱ्या आठवड्यात वाहनवर खात्री केली.

आणि चुकून पैसे गेलेच तर नातेवाइकांना फोन करत बसू नका, आधी १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

सांगलीचे काका, ज्यांच्याकडून मी गाडी घेतली, मोबाईल बँकिंग वापरतच नव्हते. सकाळी साडेदहाला त्यांच्या शाखेत बसून मी आरटीजीएस केलं, मेसेज आला, मी त्यांना दाखवला, त्यांनी मान हलवली आणि पासबुक घेऊन प्रिंटिंग मशीनच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे सहा माणसं. एन्ट्री छापून आली, चष्मा लावून आकडा वाचला, माझं नाव वाचलं, मग पिशवीतून दुसरी चावी काढली.