जॉइनिंग लेटर आलं, पण कॉन्ट्रॅक्ट नंबर कुठाय?

आयटीआयचा निकाल लागला की मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शिकाऊ उमेदवारीच्या, म्हणजे अप्रेंटिसशिपच्या, बनावट जॉइनिंग लेटरच्या पीडीएफ यायला लागतात. वर एखाद्या नावाजलेल्या वाहन कंपनीचा लोगो, कडेने फाटल्यासारखा. खाली ‘अप्रेंटिस, स्टायपेंड 24,500, राहणं-जेवण फ्री’. सही आणि गोल शिक्का अगदी एकाच निळ्या रंगात, कारण दोन्ही कॉम्प्युटरवर चिकटवलेले. मुलाखत फोनवर, चार मिनिटांची: नाव, गाव, ट्रेड, कधी येणार? फिटरच्या पोराला व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तेसुद्धा कुणी विचारत नाही. खऱ्या टूलरूममध्ये एखादा सुटा भाग हातात ठेवतात आणि माप घ्यायला लावतात. नुसतं ‘0.02 मि.मी.’ पाठ असून तिथे भागत नाही.

स्टायपेंडचा आकडाच आमिष आहे. 2019च्या नियमांत महिन्याची किमान रक्कम आयटीआयवाल्याला 7,000, डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 9,000 अशी ठरली. कंपनी जास्त देऊ शकते, पण चार मिनिटांच्या फोनवर तिप्पट कुणी देत नाही.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी रजिस्ट्रेशनचे पाचशे-साडेपाचशे. मग मेडिकल, मग युनिफॉर्म आणि सेफ्टी शूज, ‘पहिल्या पगारात परत’. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. क्यूआर स्कॅन केला की कंपनीऐवजी कुणातरी भलत्याच माणसाचं नाव दिसतं. तिथेच हात आखडायचा. शिकाऊ उमेदवारीत पैसे कंपनी उमेदवाराला देते, उलटं कधीच नाही.

यात चार-पाच हजार जातात. दुसऱ्या प्रकारात अख्खं वर्ष जातं, आणि तो प्रकार जास्त वाईट.

तिथे कंपनी खरी, गेट खरं, युनिफॉर्मही मिळतो. गेटपासवर मात्र ठेकेदाराचं नाव. ‘अप्रेंटिस’ म्हणून आणलेला पोरगा लाइनवर ट्रॉल्या ढकलतो, बोल्ट मोजून बिनमध्ये भरतो. शिफ्ट बारा तासांची, आणि बस, कॅन्टीन, खोलीचं कापून उरेल ते हातात. वर्षानंतर एक ‘अनुभव पत्र’. एनएसी म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही, कारण त्यासाठीच्या परीक्षेला सरकारी पोर्टलवर नोंदलेला, नंबर असलेला करार लागतो आणि तो कधी झालेलाच नसतो.

म्हणून कामावर जायच्या आधी सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी नॅट्सचं (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेचं) वेगळं पोर्टल आहे. कंपनीने तयार केलेला करार तुमच्या लॉगिनला दिसतो आणि तो तुम्हीच मान्य करायचा असतो. त्यात आस्थापनेचं नाव, ट्रेड, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, स्टायपेंड एवढं वाचाच. ट्रेड फिटर आणि करारात भलतंच काही असेल तर मान्य करू नका. एजंट ‘ओटीपी सांग, मी भरून देतो’ म्हणाला तर नाही म्हणा. तुमच्या नावावर दुसरीकडेच करार चालू झाला, तर खऱ्या कंपनीत नोंदणी अडते. बँक खातं आधारशी जोडून घ्या, कारण स्टायपेंडमधला सरकारी वाटा थेट खात्यात येतो.

आधीच कामावर असाल तर पगाराची स्लिप काढा. 1961च्या कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराचा पीएफ कापला जात नाही. पीएफ कापतात म्हणजे तुम्ही कागदावर कामगार आहात, आणि मग किमान वेतनावर तुमचा हक्क आहे. करार नंबरही नाही आणि पीएफ नंबरही नाही? मग तुम्ही कुणाच्याच कागदावर नाही. यंत्रात हात गेला तरी ठेकेदार ओळख दाखवणार नाही.

शंका आली तर आयटीआयवाल्यांनी जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाचं सरकारी केंद्र) विचारावं, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी मुंबईत शीवला असलेल्या ‘बोट’ म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगच्या कार्यालयात. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका. दाखवायची आणि परत घ्यायची.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आणि रागाच्या भरात ते चॅट डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या. नंबर ब्लॉक करायचं काम नंतर.