एबीसी, मॅस्लो की ‘आधी तपासा’? प्राधान्य ठरवताना कोणता नियम कधी धरावा

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला पोहोचेपर्यंत प्राधान्याचे सगळे नियम पाठ झालेले असतात. एबीसी (आधी एअरवे म्हणजे श्वासमार्ग, मग ब्रीदिंग म्हणजे श्वास, मग सर्क्युलेशन म्हणजे रक्ताभिसरण), माणसाच्या गरजांची उतरंड दाखवणारा मॅस्लोचा त्रिकोण, नर्सिंग प्रोसेसप्रमाणे आधी असेसमेंट (म्हणजे तपासणी), ‘अ‍ॅक्यूट आधी, क्रॉनिक नंतर’. घोळ होतो तो दोन नियम एकाच पेशंटबद्दल वेगवेगळी उत्तरं देतात तेव्हा. एम्सच्या नर्स भरतीसाठी होणाऱ्या नॉरसेटसारख्या परीक्षेतही ‘सर्वप्रथम काय कराल?’ या प्रश्नाचे चारही पर्याय बहुधा करण्यासारखेच असतात. तिथे फक्त क्रम विचारलेला असतो.

माझ्या मते गोंधळाचं मूळ एकच आहे. कोणत्या पेशंटकडे आधी जायचं हा एक प्रश्न, आणि त्याच्यापाशी पोहोचल्यावर पहिलं काम कोणतं हा दुसरा. पहिल्याचा नियम दुसऱ्याला लावला की उत्तर चुकतं.

एबीसी आणि मॅस्लो: पेशंट निवडताना

सकाळचा हँडओव्हर झाला आणि चार बेड तुमच्याकडे आले असं धरा. पहिला, हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, दुखतंय म्हणून ओरडतोय, नातेवाईक काउंटरवर येऊन भांडतायत. दुसरी, काल संध्याकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालेली बाई. ती शांतपणे म्हणते, ‘सिस्टर, पट्टी जरा घट्ट वाटतेय.’ तिसऱ्याची उपाशीपोटी साखर 240, नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायचंय. चौथ्याचा आज डिस्चार्ज.

एबीसीने उत्तर लगेच मिळतं: थायरॉइडची बाई. मानेत आतल्या आत रक्त साचलं तर श्वासनलिकेवर दाब येतो, आणि हा धोका पहिल्या 24 तासांत सर्वांत जास्त असतो. पुढची पट्टी कोरडी दिसली तरी रक्त ओघळून मानेच्या मागे जातं, म्हणून मानेखाली हात घालून पाहायचं. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला म्हणजे बराच उशीर झाला. अशा पेशंटच्या उशाशी ट्रेकिऑस्टोमीचा (श्वासनलिकेला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा) सेट ठेवतात तो याचसाठी.

मॅस्लो इथे तोकडा पडतो. त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर हवा, पाणी, अन्न, झोप सगळं एकत्रच आहे, त्यामुळे त्या पायरीच्या आत कोण आधी हे तो सांगत नाही. सांगेलच कसा? अब्राहम मॅस्लोने 1943 मध्ये ही मांडणी केली ती माणसाच्या प्रेरणा समजून घ्यायला, पेशंटची रांग लावायला नव्हे.

पण चौघेही स्थिर असतील तर एबीसी गप्प बसतो आणि मॅस्लो कामाला येतो. दुखणं कमी झाल्याशिवाय मधुमेहाच्या आहाराबद्दल शिकवून उपयोग नाही, हे त्याच्यावरून कळतं. मानसोपचार वॉर्डात तर त्याची दुसरी पायरी, सुरक्षितता, हाच पहिला नियम. काल दिवसभर रडणारा आणि आज अचानक शांत होऊन आपल्या वस्तू वाटून टाकणारा पेशंट एबीसीच्या चाळणीतून सहज निसटतो. त्याचा श्वास, नाडी, बीपी सगळं उत्तम असतं. तरी पहिलं जायचं त्याच्याकडेच, कारण ही आत्महत्येच्या तयारीची खूण असू शकते.

मॅस्लो वापरताना एक धोका लक्षात ठेवा. दुखणं म्हणजे नेहमी ‘आराम’ या खात्यातली गोष्ट नव्हे. छातीत दुखणं हे रक्ताभिसरणाच्या खात्यात जातं. प्लास्टर घातलेल्या पायात इंजेक्शन देऊनही न थांबणारं, बोटं हलवून पाहिली की वाढणारं दुखणं म्हणजे पायातला दाब वाढत असल्याची खूण. तेव्हा पायाची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये.

एबीसीचे अपवाद

एबीसी कृतीच्या क्रमाला जसाच्या तसा लावला की फसगत होते. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2010 मध्येच क्रम बदलून सीएबी (रक्ताभिसरण आधी, मग श्वासमार्ग आणि श्वास) केला. म्हणजे आधी छातीवर दाब, आताच्या नियमाप्रमाणे मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास. धो धो रक्त वाहतंय तिथेही आधी दाबून धरायचं.

फिट आलेल्या पेशंटचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. ‘आधी एअरवे’ पाठ केलेला विद्यार्थी आवळलेल्या दातांमधून काहीतरी घालायला बघतो. नातेवाईकांचं कांदा आणि चप्पल हुंगवणं चालू असतं ते वेगळंच. योग्य कृती म्हणजे कुशीवर वळवणं, डोक्याला मार लागू न देणं आणि घड्याळ पाहणं. एअरवे सांभाळला जातो तो त्या कुशीवर वळवण्यानेच.

आधी तपासा की आधी थांबवा

सर्वांत जास्त मार्क इथे जातात, आणि वॉर्डात सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं.

रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झालीत. पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखतेय म्हणतो. नर्सिंग प्रोसेस सांगते, आधी टेंपरेचर घ्या. एबीसी सांगते, ऑक्सिजन लावा. बरोबर उत्तर: रक्त बंद करा. मग सेट बदलून नवीन सेटने सलाईन चालू ठेवा म्हणजे शीर हातची जाणार नाही. मग व्हायटल्स, डॉक्टरांना कॉल, पेशंटचं नाव आणि पिशवीवरचं लेबल पुन्हा जुळवणं. पिशवी सेटसकट ब्लड बँकेला परत जाते, कचऱ्यात नाही. तुम्ही थर्मामीटर शोधत बसाल तेवढा वेळ न जुळणारं रक्त आत जात राहतं.

यावरून एक कसोटी निघते, आणि मला ती पाठ्यपुस्तकातल्या त्रिकोणापेक्षा उपयोगी वाटते. पेशंटला जे होतंय ते आपणच चालू केलेल्या गोष्टीमुळे होत असेल, तर आधी ती गोष्ट थांबवा. लेबर रूममध्ये कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू असताना बाळाचे ठोके पडायला लागले: ड्रिप बंद, बाईला डाव्या कुशीवर, मग बाकीचं. एक्लॅम्पशियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून फिट येणाऱ्या) बाईला फिट थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे आणि गुडघ्यावर ठोकलं तरी पाय उडत नाही, किंवा श्वास मिनिटाला 16 च्या खाली गेला, किंवा लघवी तासाला 30 मिलीहून कमी झाली: औषध जास्त झालंय, पुढचा डोस नाही, ड्रिप असेल तर बंद, आणि त्यावरचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी.

‘आधी तपासा’ जिंकतं ते माहिती अपुरी किंवा संशयास्पद असते तेव्हा. पेशंट चहा पीत गप्पा मारतोय आणि मॉनिटर बीपी 80/50 दाखवतोय: कफ पाहा, दुसऱ्या हाताला स्वतः घ्या. ऑक्सिमीटर 70 म्हणतोय आणि बोटं थंडगार आहेत: आधी पेशंटकडे नजर टाका, मग प्रोब दुसऱ्या बोटाला. इन्सुलिन घेतलेल्याला दरदरून घाम सुटला, हात थरथरतायत: ग्लुकोमीटरला अर्धं मिनिटही लागत नाही, म्हणून तपासा. 70 च्या खाली आणि शुद्धीवर असेल तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज. आणि ग्लुकोमीटर मिळतच नसेल तर साखर कमी आहे असं समजूनच चालायचं. थोडी जास्त झालेली साखर नंतर आणता येते, मेंदूची झालेली हानी नाही.

प्रश्नात लक्षण आणि आकडे दोन्ही दिलेले असतील तर असेसमेंट झालेलं आहे असं धरा. ‘पुन्हा तपासा’ हा पर्याय तिथे सापळा असतो.

डॉक्टरांना कॉल की आधी हात

प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढला, हात लावला तर गर्भाशय पिशवीसारखं मऊ. आरएमओना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) फोन लावायला काउंटरकडे पळू नका. हाताने गर्भाशय चोळायला लागा आणि तिथूनच ओरडून मदत बोलवा. फोन दुसऱ्या सिस्टर किंवा मावशी लावतील. मूत्राशय भरलेलं असेल तर रिकामं करा, ऑक्सिटोसिन तयार ठेवा. गर्भाशय दगडासारखं घट्ट असूनही रक्त वाहत असेल तर कुठेतरी फाटलंय, तिथे चोळून उपयोग नाही. नाळ बाहेर आली असेल तर योनीमार्गात हात घालून बाळाचं डोकं वर उचलून धरायचं, आणि तो हात सिझेरियनच्या टेबलापर्यंत काढायचा नाही. अशा वेळी तुम्ही फोन करूच शकत नाही, हे उत्तर आपोआप ठरवतं.

उलट काही ठिकाणी हाताने करण्यासारखं फारसं नसतं आणि वेळच सगळं असतो. तोंड वाकडं झालं, एक हात पडला: साखर बघा, पेशंट शेवटचा धड कधी पाहिला ती वेळ नातेवाईकांकडून नेमकी लिहून घ्या आणि ताबडतोब कॉल द्या. गुठळी विरघळवायच्या औषधाची मुदत साडेचार तासांची. वर सांगितलेल्या प्लास्टरच्या पायाचंही तसंच: पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच उशीवर नको, आणि कॉल.

स्कोअर की नजर

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज स्कोअर 2012 मध्ये आला, 2017 मध्ये सुधारला. श्वास, नाडी, बीपी वगैरेंना गुण देऊन पेशंट किती बिघडलाय हे तो सांगतो. बेरीज 5 झाली तर तातडीने डॉक्टर, 7 किंवा अधिक तर आणीबाणी. नाईट ड्यूटीला नव्या सिस्टरसाठी हा मोठा आधार आहे, कारण वरिष्ठांना फोन करताना ‘बरा वाटत नाही’ऐवजी आकडा सांगता येतो. गरोदर बाया आणि 16 वर्षांखालच्या मुलांसाठी तो नाही. आणि तो चालतो फक्त खऱ्या आकड्यांवर. मिनिटाला 25 श्वास एवढ्यावरच 3 गुण मिळतात, पण आपल्याकडच्या कित्येक चार्टवर अख्ख्या वॉर्डाचा श्वास 20 असतो! घड्याळ धरून तो मोजायचाच नसेल तर स्कोअरपेक्षा अनुभवी इन्चार्ज सिस्टरची नजर बरी.

परीक्षेला बसणाऱ्यांनी आधी ‘पेशंट विचारलाय की कृती’ ते पाहावं. पेशंट असेल तर एबीसी, सगळे स्थिर असतील तर मॅस्लो. कृती असेल तर आधी थांबवण्यासारखं काही आहे का, मग माहिती पुरेशी आहे का, मग हाताने काही करता येतं का. एनक्लेक्स (अमेरिकेत नर्स म्हणून परवाना मिळवण्याची परीक्षा) देणाऱ्यांनी एवढं आणखी धरावं की त्या पेपरातल्या रुग्णालयात हवी ती वस्तू आणि हवा तो माणूस हजर असतो. वॉर्डात नवीन लागलेल्यांनी मात्र ड्यूटीवर आल्या आल्या आधी इमर्जन्सी ट्रे उघडून पाहावा: कॅल्शियम ग्लुकोनेट, डेक्स्ट्रोज, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स.