रानात मधपेट्या ठेवाव्यात की परागीभवन पक्ष्यांवर सोडावं?

ऑस्ट्रेलियात रानाचा तुकडा राखणाऱ्याकडे मधपाळ पेट्या ठेवायला जागा मागतात. झाडांना परागीभवन मिळेल, असं सांगितलंही जातं. होकार देण्याआधी तुमच्या रानात कोणती झाडं फुलतात ते बघा.

ग्रेव्हिलिया या तिथल्या झुडपाचं फूल जवळून पाहा. त्यातून एक लांब तंतू आकड्यासारखा बाहेर वळलेला असतो. पराग त्याच्या टोकाला, मध खाली तळाशी. हनीईटर पक्षी मधासाठी चोच खुपसतो तेव्हा ते टोक नेमकं त्याच्या डोक्याला घासतं आणि पिसांना पराग लागतात. मोठ्या फुलांच्या जातींत मधमाशी बाजूने शिरते, मध पिते आणि निघून जाते. टोकाला तिचा धक्काही लागत नाही. म्हणजे फुलाचा मध संपला, काम मात्र झालंच नाही.

दुसरा फरक अंतराचा. मधमाशी एकाच झुडपावर फुलामागून फूल करत बसते. हनीईटर एकमेकांना सतत हुसकावतात, त्यामुळे पराग या झुडपावरून त्या झुडपावर जातात. बँक्सिया हीही तिथलीच झाडंझुडपं. कित्येक बँक्सियांना बी धरायला दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात, तिथे ही भांडणं फार कामाची. शिवाय अनेक बँक्सिया हिवाळ्यात फुलतात. गार सकाळी मधमाश्या पोळ्यातच असतात, पक्षी मात्र उजाडताच कामाला लागतात.

मधमाशीची बाजूही खरी आहे. निलगिरीसारख्या उघड्या, झुबकेदार फुलांवर ती चांगलं काम करते. शेतांनी वेढलेल्या, पक्षी नाहीसे झालेल्या तुकड्यात तिच्यामुळे थोडं तरी बी धरतं. तिथे आधीच असलेल्या माश्या हटवायची घाई मी करणार नाही.

पण तिच्यावर विसंबू नका. १८२२ च्या सुमारास आणलेली ही युरोपीय माशी रानटी झाली, पोपट-घुबडांच्या ढोल्या बळकावू लागली. २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये व्हरोआ माइट हा मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी सापडला. २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचा नाद सरकारने सोडला. हा माइट पसरतो तिथे रानटी पोळी मोठ्या प्रमाणात मरतात.

तुमच्याकडे हनीईटर अजून येत असतील तर पेट्यांना सरळ नकार द्या. पक्षी कमी झाले असतील तर वर्षभर आळीपाळीने फुलणारी स्थानिक झुडपं लावा आणि ढोलीची जुनी झाडं, वठलेली असली तरी, तोडू नका.