एअरब्रश आणि कॉम्प्रेसर: दहा महिने आणि एक पावसाळा

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कॉम्प्रेसरचं खोकं डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढलं आणि पंधरा दिवसांत पाऊस सुरू झाला. एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारा, मॉडेल रंगवायचा पेनासारखा ब्रश, शिकायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. घेण्याआधी मी जेवढी परीक्षणं पाहिली ती सगळी कोरड्या हवेच्या देशांतली होती. मला पुढे जो सगळ्यात मोठा त्रास झाला, त्याचा त्यांत साधा उल्लेखही नव्हता. म्हणून हे लिहितोय.

संच असा: १/६ हॉर्सपॉवरचा, बिनतेलाचा, एका पिस्टनचा कॉम्प्रेसर, त्याखाली ३ लिटरची टाकी. हवेचा दाब ४ बारला गेला की आपोआप बंद होतो, ३ पर्यंत उतरला की पुन्हा सुरू. सोबत डबल अ‍ॅक्शन एअरब्रश (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), रंगाचा कप वर, नोझल ०.३ मिमी. दोन्ही मिळून साडेअकरा हजार. हाच कॉम्प्रेसर निरनिराळ्या नावांचे स्टिकर लावून विकला जातो, त्यामुळे नावाला फारसा अर्थ नाही. टाकी, फिल्टर आणि प्रेशर गेज आहे की नाही एवढं बघा.

त्याआधी चार वर्षं मी रेसच्या गाड्यांची मॉडेल्स स्प्रेच्या डब्यांनी रंगवत होतो. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे टीएस डबे रंगाला उत्तमच आहेत, पण ज्वलनशील गॅसचा डबा विमानाने येत नाही. बोटीने माल येईपर्यंत हवा तो रंग दुकानात नसतो, आणि असतो तेव्हा किंमत ऐकून घरात सांगायची सोय नसते. शिवाय डब्याची धार एकच. १/२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलच्या मागच्या पंखाखाली ती धार म्हणजे बादलीने पाणी ओतल्यासारखी.

पहिले दोन आठवडे मी फक्त प्लास्टिकचे चमचे रंगवले, भाचीच्या वाढदिवसातून उरलेले. रंग ‘दुधासारखा’ पातळ करा असं सगळे सांगतात. दूध कोणतं ते कोणी सांगत नाही. म्हशीचं नव्हे, पिशवीतलं टोन्ड. कपाच्या भिंतीवरून ते सरसर उतरलं पाहिजे आणि मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. प्रेशर १५ ते २० पीएसआय (साधारण १ ते १.४ बार) ठेवतो, पण गेज बघायचं ते ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना. नुसतं बसल्या जागी २० दाखवणारं गेज ट्रिगर दाबताच १४ वर येतं. हे कळेपर्यंत बारा चमच्यांची साल संत्र्यासारखी झाली होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जरा धीर आला आणि एका जुन्या बॉडीवर पांढऱ्यावर नारिंगी मारायला घेतला. छान चाललं होतं, आणि एकाएकी ब्रशच्या तोंडातून पाण्याचा थेंब उडाला. ओल्या रंगात मोहरीएवढं भगदाड. दोन मिनिटांनी आणखी एक. कॉम्प्रेसरच्या फिल्टरची वाटी बघितली तर ठणठणीत कोरडी. मग पाणी आलं कुठून? हवा दाबली की तापते. ती तापलेली असताना तिच्यातली वाफ वाफच राहते आणि फिल्टरमधून निवांत निघून जाते. पुढे नळीत हवा गार झाली की त्या वाफेचं पाणी होतं. फिल्टर बिचारा आपल्या जागी इमानाने बसला होता, पाणी तयार होत होतं त्याच्या पुढे.

उपाय स्वस्त निघाला. ब्रशच्या बुडाशी लागणारा छोटा फिल्टर चारशे रुपयांत मिळतो, तो लावला. टाकी भरली की लगेच सुरुवात न करता दहा मिनिटं थांबायला लागलो, म्हणजे पाणी टाकीतच सुटतं. काम संपलं की टाकीखालचा स्क्रू सोडून तिला रिकामी करायची. जुलैत एका बैठकीनंतर दोन-तीन चहाचे चमचे पाणी निघायचं, तेही गंजाच्या रंगाचं. विकणाऱ्याने हा स्क्रू कशासाठी असतो ते सांगितलं नव्हतं.

दुसरा त्रास मात्र फिल्टरने सुटणारा नव्हता. लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारा चकचकीत रंग. त्याचं थिनर (पातळ करायचं द्रावण) झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतलं बाष्प त्या गार रंगावर बसतं. चकचकीत काळा रंग डोळ्यांदेखत धुक्यात गेल्यासारखा पांढरट होतो. सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर वापरलं की बरंच आटोक्यात येतं, पांढरं पडलेल्या जागी नुसत्या थिनरचा हलका फवारा दिला तर कधीकधी रंग परतही येतो. कधीकधी. शेवटी मी तीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं घड्याळ भिंतीवर लावलं आणि नियम केला: आकडा ७५ च्या वर असेल तर लॅकरला हात लावायचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तो आकडा ८५ च्या खाली आल्याचं मला आठवत नाही.

म्हणून माझा पावसाळा इंजिनात गेला. किट होतं तामियाचं १/२४ माझदा ७८७बी, १९९१ साली फ्रान्समधली ल मॉन्सची २४ तासांची शर्यत ३६२ फेऱ्या मारून जिंकलेली ५५ नंबरची गाडी. ही शर्यत जिंकणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी. आत चार रोटरचं (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी भाग) आर२६बी इंजिन, आणि प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग. म्हणजे बारा वायरी. किटमध्ये त्या नसतात. हाताने फिरवायच्या ड्रिलने ०.५ मिमीची बारा भोकं पाडली, जुन्या इअरफोनमधल्या केसाएवढ्या तारा काढल्या आणि चिमट्याने एकेक रोवली. दोन भोकं तिरकी गेली, ती आजही तिरकीच आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर चंदेरी रंगाच्या तीन निरनिराळ्या छटा मारल्या. अ‍ॅक्रिलिक रंग दमट हवेतही निमूट बसतात, आणि ब्रशची खरी किंमत मला इथे कळली: मॅट रंगाचा इतका पातळ थर बसतो की बोल्टचं डोकं बुजत नाही. हाताच्या कुंचल्याने ते मला कधीच जमलं नव्हतं.

माझदाची बॉडी ऑक्टोबरात रंगवायला घेतली. ऑक्टोबर हीटची तऱ्हा वेगळी, रंग सुईच्या टोकावरच वाळतो. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरात बुडवलेल्या कापसाने टोक पुसायचं. या गाडीला एका अंगाने नारिंगी, दुसऱ्या अंगाने हिरवा, आणि दोन रंग भेटतात तिथे शंकरपाळ्यांची नक्षी. मास्किंगला, म्हणजे नको तिथे रंग जाऊ नये म्हणून टेप लावायला, तीन संध्याकाळी गेल्या. टेपखाली रंग झिरपू नये म्हणून टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग मारून ती बंद करायची. मग झिरपला तरी खालचाच झिरपतो. टेप काढताना शेजारी कोणी बोललेलं मला चालत नव्हतं. ल मॉन्सच्या त्या शर्यतीचा शेवटचा टप्पा ड्रायव्हर जॉनी हर्बर्टने चालवला आणि उतरल्यावर बक्षीस घ्यायला उभं राहण्याचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. माझी पाठ तेवढी नसेल, पण त्या दिशेने गेली होती.

आता तक्रारी. नोव्हेंबरात एअरब्रशचं नोझल तुटलं. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा, त्याचे आटे धाग्याएवढे; मी पान्याने जरा जास्त आवळला आणि आटे आतच राहिले. चूक माझी, पण सुटं नोझल मिळायला तीन आठवडे लागले आणि विकणाऱ्याने ‘झिजणाऱ्या भागांना वॉरंटी नाही’ म्हणून हात झटकले. त्याच सुमारास आतली रबरी रिंग लॅकर थिनरने फुगून ट्रिगर जड झाला. टेफ्लॉनची घातल्यावर थांबलं. सुई तर दोनदा वाकली. हे सगळं स्वस्त ब्रशचं रडगाणं आहे. पण जपानी ब्रश घेतला असता तर पाण्याचा थेंब त्याच्याही तोंडातून तसाच उडाला असता. पुन्हा घ्यायची वेळ आली तर कॉम्प्रेसर हाच घेईन, दोन फिल्टरसकट, आणि ब्रश असाच मध्यम किमतीचा, मात्र सुटं नोझल आणि सुई पहिल्याच दिवशी मागवून. महागडा ब्रश दुसऱ्या वर्षी.

थिनरबद्दल एक कबुली. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्वस्त असतं, म्हणून मी ते एकदा रंगात मिसळलं. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या, प्लास्टिकच खाल्लं गेलं. ब्रश धुवायला ते चालतं, रंगात घालायला अजिबात नाही.

कॉम्प्रेसरचा आवाज फ्रिजपेक्षा जास्त, मिक्सरपेक्षा कमी. आईने पहिल्या दिवशी विचारलं, “इतक्या रात्री कसली चटणी?” खरा त्रास आवाजाचा नाही, थरथरीचा. लादीवर ठेवला की खालच्या काकांच्या छतात घुमतो. जुन्या योगा मॅटच्या तीन घड्या त्याखाली घातल्यावर काकांचे फोन थांबले. ‘टाकी भरून ठेवा आणि रात्री शांतपणे रंगवा’ हा सल्ला मात्र साफ खोटा आहे: ३ लिटरची टाकी मिनिटभरही पुरत नाही. टाकीचा उपयोग हवेचा धक्का घालवायला आणि पाणी धरायला.

मास्क एन९५ नको. तो धूळ अडवतो, वाफ नाही. कोळशाची कार्ट्रिज असलेला घ्या, आणि तरीही गॅलरीतच बसा. आमच्याकडे वास स्वयंपाकघरात पोचला त्या दिवशी बायकोने कॉम्प्रेसरची किंमत पुन्हा एकदा विचारली.

कोरडी हवा आली ती डिसेंबरात, आणि तेव्हा काढली १/२० लोटस ७९. मारियो आंद्रेत्तीने १९७८ चं फॉर्म्युला वन अजिंक्यपद याच काळ्या-सोनेरी गाडीच्या जोरावर घेतलं. खऱ्या गाडीवरची सिगारेटच्या जाहिरातीची अक्षरं किटच्या डिकॅलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांमध्ये) नसतात, ती वेगळी घ्यावी लागतात. तामियाच्या लॅकरमधला काळा एलपी-१, वर एलपी-९ क्लिअर (पारदर्शक), दोन्ही लेव्हलिंग थिनरमध्ये एकास दोन. डिकॅलवर क्लिअरचा पहिला हात अगदी कोरडा, धुक्यासारखा द्यायचा. पहिलाच हात ओला दिला तर डिकॅल सुरकुततं. पाच नंबरचा एक आकडा माझ्या हातून तसाच गेला. आठवड्याने २००० च्या ओल्या पॉलिश पेपरने घासलं, मग तामियाची तीन कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) क्रमाने. कॉकपिटच्या कडेला काळा उडून खालचं प्लास्टिक डोकावलं, तेवढी जागा पुन्हा रंगवली. डब्याने केलं असतं तर अख्खी बॉडी धुवावी लागली असती. इथे भाग होता रुपयाच्या नाण्याएवढा. आता जोड दिसत नाही.

पहिल्या दिवशी फोनवर वेळ लावून बघितलं होतं, रिकामी टाकी सव्वा मिनिटात भरायची. गेल्या रविवारी पावणेदोन लागली. पिस्टनची रिंग झिजली असावी. अडीचशेला मिळते, मागवली आहे. जूनच्या आत बसवून घ्यायची आहे.