माटोळी आणि घुमट आरती: टिपणांचे व्हिडिओ करताना एच-फाइव्ह-पीचा अनुभव

चालू व्हिडिओतल्या एखाद्या वस्तूवर बोट ठेवलं की तिथल्या तिथे तिची माहिती उघडावी, असे दोन व्हिडिओ मी चवथीनंतर तयार केले. एक डिचोली तालुक्यातल्या एका घरच्या माटोळीचा, दुसरा घुमट आरतीचा, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणाऱ्या आरतीचा. दोन्हींसाठी एच-फाइव्ह-पी या सॉफ्टवेअरमधला 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' हा प्रकार वापरला. शाळेतल्या मुलांनी ते वर्गात पाहिले, वाड्यावरच्या मोठ्या माणसांनी फोनवर पाहिले. आता शिमगाही झाला. हे साधन कुठे उपयोगी पडतं आणि कुठे अडतं, ते ठामपणे सांगण्याइतका वापर झाला आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी माटोळीबद्दल. गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगलेली असते. तिला फळं, शेंगा, रानवेली बांधतात, तीच माटोळी. नारळ, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तोरंजन, महाळुंग, आंबाडे हे परसातलं. कवंडळ, कांगलां, नागुलकुडो, घागऱ्यो हे रानातलं. चवथीच्या तोंडावर म्हापसा, फोंडा, साखळीला माटोळीचा बाजार भरतो. राज्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, आणि स्पर्धेतल्या काही माटोळ्यांत शेकडो वस्तू असतात. नुसत्या व्हिडिओत ही सगळी हिरवी-पिवळी दाटी होते. निवेदनातून सांगायला गेलं तर 'घडाच्या मागे, डाव्या बाजूला' म्हणेपर्यंत कॅमेरा पुढे गेलेला असतो. म्हणून नाव त्या फळाशेजारीच हवं, आणि ज्याला जेवढं वाचायचं तेवढंच त्याने उघडावं.

साधनाची ओळख थोडक्यात करून देते. एच-फाइव्ह-पी नॉर्वेच्या जूबेल या कंपनीने २०१३ साली आणलं. मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे. वर्डप्रेस, मूडल आणि द्रुपल या वेबसाइट किंवा ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालींत प्लगिन, म्हणजे जोडभाग म्हणून बसतं. व्हिडिओ चढवायचा किंवा यूट्यूबचा पत्ता द्यायचा, मग टाइमलाइनवर हवं तिथे थांबून लेबल, मजकूर, चित्र, दुवा किंवा प्रश्न ठेवायचा. प्रत्येक टिपणाला 'कधीपासून कधीपर्यंत' ही वेळ देता येते आणि ते आलं की व्हिडिओ थांबवायचा का, हेही ठरवता येतं. टिपण बटण म्हणून ठेवता येतं, दाबल्यावर उघडणारं; किंवा पोस्टर म्हणून, थेट चित्रावर दिसणारं. लुमी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकलं तर हेच सगळं इंटरनेटशिवाय करता येतं. माझं बहुतेक काम लुमीतच झालं.

खरा निर्णय मात्र कॅमेरा लावतानाच होतो. या प्रकारात टिपणाची जागा व्हिडिओच्या चौकटीच्या टक्केवारीत नोंदली जाते आणि ती तिथेच राहते. कॅमेरा सरकला की फळ सरकतं, बटण मागे राहतं. हलत्या वस्तूमागे टिपण आपोआप धावण्याची सोय यात नाही. त्यामुळे माटोळीचं सगळं चित्रण ट्रायपॉडवर केलं. आधी पूर्ण माटोळीचं एक दृश्य, मग तिचे चार भाग करून प्रत्येक भागाचं स्थिर दृश्य. चार भागांना खुणा एकाच पद्धतीने दिल्या, आणि पूर्ण दृश्यावर चार नेव्हिगेशन हॉटस्पॉट ठेवले. उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ थेट त्या कोपऱ्याच्या जवळच्या दृश्यावर जातो. व्हिडिओचं पहिलं दृश्य अशा तऱ्हेने त्याची अनुक्रमणिका झालं. मला या साधनातली सर्वांत आवडलेली सोय हीच. मुलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत बसली नाहीत. "टीचर, ते मागे लटकतंय ते काय?" असं विचारणारी मुलगी स्वतःच त्या कोपऱ्यात शिरली आणि तिने कवंडळ शोधून काढलं.

जवळच्या प्रत्येक दृश्याच्या शेवटी व्हिडिओ थांबतो आणि फळांवर बटणं येतात. माटोळी हलत नाही, तिच्यात काही घडत नाही, त्यामुळे थांबण्याने काहीच हातचं जात नाही. उलट थांबल्यावरच ती नीट बघितली जाते. टिपणात काय लिहायचं यावर मात्र मी बराच वेळ घालवला. जे दिसतंय ते पुन्हा लिहायचं नाही हा नियम ठेवला. फळ पिवळं आणि गोल आहे हे बघणाऱ्याला दिसतंच. इथलं नाव, मराठी पुस्तकातलं नाव, शास्त्रीय नाव, कुठे उगवतं आणि खाण्याजोगं आहे का, एवढंच. घागऱ्यो हे खुळखुळ्याचं, म्हणजे क्रोटालेरियाचं झाड. वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात म्हणून मुलांना तिचं भारी वेड, पण या वनस्पतींत यकृताला घातक अशी द्रव्यं असतात. ही माहिती कुठल्याही चित्रात दिसणार नाही, म्हणूनच तिला टिपणाचा हक्क आहे. माटोळी बांधायच्या दोऱ्यांनाही एक बटण दिलं. केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीची दोरी अजून वळणारी माणसं आहेत, आणि फळांच्या गर्दीत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हीच पद्धत घुमट आरतीला लावली असती तर आरतीचा जीव गेला असता.

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. एक हात कातड्यावर पडतो, दुसरा हात उघडं तोंड झाकतो-सोडतो आणि त्यातून तो घुमारा निघतो. जोडीला दोन काठ्यांनी वाजणारा शामेळ आणि कासाळें, म्हणजे झांजा. इथे सगळं काही वेळेत घडतं. दुसरा हात नेमका कधी काय करतो हे दाखवायचं तर टिपण त्याच क्षणी यायला हवं, आणि व्हिडिओ थांबवला तर ज्यासाठी टिपण होतं तो नादच थांबतो. कच्ची प्रत घुमट वाजवणाऱ्या एका शेजारकाकांना दाखवली तेव्हा त्यांनी फोन बाजूला ठेवून विचारलं, "गो बाय, हांव आरत आयकूं काय वाचूं?" (मी आरती ऐकू की वाचू?) पुढची सगळी रचना त्या एका प्रश्नावर उभी राहिली.

आरती सुरू होण्याआधी वादक बसतात, वाद्यं मांडीवर घेतात, तो शांत भाग मी पूर्ण ठेवला आणि वाचण्यासारखी सगळी टिपणं तिथे दिली. घुमटाला गोवा सरकारने २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं कातडं चढतं. हे सगळं ठोका पडण्याआधी. एकदा आरती सुरू झाली की फक्त दोन-तीन शब्दांची लेबलं, चौकटीच्या कडेला, न थांबवता: 'तोंड झाकलं', 'शामेळ आला', 'लय वाढली'. लेबल घटनेच्या किंचित आधी येतं, म्हणजे नजर तिथे पोचलेली असते. आरतीचे शब्द टिपणात न घालता उपशीर्षकांत दिले. एच-फाइव्ह-पी त्यासाठी वेबव्हीटीटी फाइल घेतं, म्हणजे कुठल्या वेळी कुठला मजकूर हे लिहिलेली साधी फाइल; ती साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते, आणि यूटीएफ-८ मध्ये जतन केली की देवनागरी नीट दिसते. ज्याला शब्द नकोत तो ती बंद करतो. एक मर्यादा सांगते: ठेक्याच्या मात्रेमात्रेला टिपण द्यायचं असेल तर हे साधन घेऊ नका. इथे सेकंदाच्या मापाने विचार करावा लागतो, आणि द्रुत लयीत एका सेकंदात बरंच काही होऊन जातं.

फोनवरचा अनुभव वेगळा. आमच्याकडे बघणारे बहुतेक फोनवरच बघतात, तोही उभा धरून. छोट्या पडद्यावर पोस्टरचीही बटणं होतात, त्यामुळे संगणकावर सुरेख मांडलेली पाटी फोनवर एक ठिपका होऊन बसते. म्हणून मी शेवटी पोस्टर वापरणंच सोडलं आणि दोन बटणांमध्ये बोट मावेल एवढं अंतर ठेवायला लागले. वेबवरच्या सुलभतेच्या नियमांची २०२३ सालची आवृत्ती, डब्ल्यूसीएजी २.२, दाबायच्या जागेला किमान २४ पिक्सेलची चौकट मागते. थकल्या बोटांना मी त्याहून मोठीच देते. एका दृश्यात सहा-सातपेक्षा जास्त बटणं आली तर दृश्य मोडून दोन करते. देवनागरीला ओळींमध्ये जास्त जागा लागते, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. हे साधनाच्या पडद्यावरून बदलता येत नाही. वर्डप्रेसवर छोटं प्लगिन लिहून स्वतःची सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, जोडावी लागते. ज्याला कोड येत नाही त्याला इथे मदत लागेल. बटणांवरचा आणि सूचनांचा इंग्रजी मजकूर मात्र प्रत्येक व्हिडिओपुरता मराठीत बदलता येतो, आणि तो बदलाच. 'कन्टिन्यू' बघून थबकणाऱ्या आजी 'पुढे' बघून थबकत नाहीत.

प्रश्नमंजूषेच्या सोयी पुष्कळ आहेत. शाळेसाठी त्यातल्या 'योग्य-अयोग्य' आणि ओढून जुळवायच्या प्रश्नांचा उपयोग झाला. पुढे सरकायला बंदी घालणारी सोयही आहे. ती मी कधीच वापरणार नाही. ज्याला फक्त महाळुंग बघायचं आहे त्याला केळीच्या घडासमोर उभं का करायचं?

सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांत नेटवर्क बेताचंच असतं, म्हणून व्हिडिओ हलका असणं महत्त्वाचं. एच.२६४ मध्ये ७२० रेषांचा एमपी-फोर पुरेसा आहे. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने फाइल बनवताना 'फास्टस्टार्ट' हा पर्याय दिला की व्हिडिओची सूची फाइलच्या सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरण्याची वाट न बघता तो चालू होतो. एवढ्या एका गोष्टीने तक्रारी जवळजवळ थांबल्या. जिथे नेटच नाही तिथे लुमीतून व्हिडिओसकट एकच एचटीएमएल फाइल काढते आणि पेनड्राइव्हवर देते. फाइल जड होते, पण शाळेच्या संगणकावर विनातक्रार चालते.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी आहे ते. टिपणं लिहायला जे श्रम जातात ते चित्रणापेक्षा जास्त असतात. एकेका फळाचं नाव चार घरी विचारून, पुस्तकात बघून पक्कं करावं लागतं. हे श्रम कुठल्याही एका साधनाच्या पोटात अडकू देऊ नयेत. यूट्यूबवर २००८ पासून व्हिडिओवर चौकोनी टिपणं लिहिता येत होती. २०१७ मध्ये नवी लिहायची सोय बंद झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये जुनी सगळी टिपणंही पुसली गेली. जगभरातल्या लोकांनी लिहिलेलं एका दिवसात दिसेनासं झालं. मोझिलाने २०१२ मध्ये पॉपकॉर्न मेकर नावाचं याच प्रकारचं सुंदर साधन दिलं होतं, तेही पुढे बंद पडलं. उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. मुंबई, बेंगळुरू आणि बर्लिनमधल्या गटांनी मिळून २००८ मध्ये सुरू केलेला पॅड.मा हा व्हिडिओसंग्रह. तिथे प्रतिलेख, वर्णनं, कळीचे शब्द हे सगळं वेळेला बांधलेल्या मजकुराच्या थरांत असतं, शोधता येतं, आणि त्यामागचं पॅन्डोरा हे सॉफ्टवेअर खुलं आहे. टिपणांकडे इतक्या आदराने बघणारं काम मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

एच-फाइव्ह-पी या कसोटीवर बरंच उतरतं. त्याची फाइल ही खरं तर झिप असते. उघडली की आत जेसन फाइलमध्ये प्रत्येक टिपणाचा मजकूर, वेळ आणि जागा साध्या अक्षरांत सापडते. तरीही मी टिपणं आधी वेबव्हीटीटी फाइलमध्ये लिहिते, वेळेसकट, आणि मगच साधनात भरते. काम दुप्पट होतं, पण मूळ प्रत माझ्याकडे राहते.

त्या मूळ प्रतीचा दुसरा उपयोग अलीकडे सुरू झाला. एच-फाइव्ह-पीत एका व्हिडिओतल्या टिपणांतून दुसऱ्या व्हिडिओतल्या टिपणांत शोध घेता येत नाही, आणि मला तो हवा होता. ब्राउझरला वेबव्हीटीटी फाइल 'मेटाडेटा' प्रकारचा ट्रॅक म्हणून दिली की तो ती पडद्यावर दाखवत नाही, फक्त नेमक्या वेळी पानाला कळवतो. त्यावर एका मदतनीस विद्यार्थ्याने साधं पान लिहून दिलं: वर शोधाची चौकट, खाली व्हिडिओ, शेजारी टिपणं. व्हिडिओच्या पत्त्यामागे हॅश, टी, बरोबरचं चिन्ह आणि सेकंद जोडले की तो तिथूनच सुरू होतो, ही पद्धत वेबच्या मानकांत २०१२ पासून आहे. 'कातडं' शोधलं की घुमटाजवळ, 'दोरी' शोधलं की माटोळीच्या केवणीजवळ माणूस पोचतो.

ज्याच्याकडे एखादा वर्ग आहे, एक-दोन व्हिडिओ आहेत आणि कोड लिहिणारा माणूस नाही, त्याने निःशंकपणे एच-फाइव्ह-पी आणि लुमी घ्यावं, ट्रायपॉड लावावा आणि टिपणं आधी कागदावर लिहावीत. ज्याला पुढे वाड्यावाड्यांतल्या धालो, जागर, रणमाले या लोककलांचा संग्रह करायचा आहे, त्याने पहिल्या दिवसापासून टिपणांच्या स्वतंत्र फाइली ठेवाव्यात. माझ्या माटोळीच्या फाइलीत अजून काही फळांपुढे शास्त्रीय नाव रिकामं आहे. येत्या चवथीच्या बाजारात ती फळं घेऊन वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवायची आहेत, आणि मग त्या ओळी भरायच्या आहेत.