पहिला स्टीमपंक दिवा: तांब्याची नळी की रंगवलेलं पीव्हीसी?

स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातला वाटावा असा, टेबलावरचा दिवा घरी करायचा ठरला की पहिला प्रश्न नळीचा येतो. दुकानदार पीव्हीसी पुढे करतो आणि मन पितळ-तांब्याकडे ओढतं. मी दोन्ही केलं आहे, म्हापशात, एकाच खोलीत, म्हणून गोव्याच्या हवेचा हिशोब धरून लिहितो.

पीव्हीसी स्वस्त असतं, करवतीने पाच मिनिटांत कापलं जातं आणि विजेचा धक्का देत नाही. पण खरी मेहनत रंगाची. आधी पॉलिश पेपरने चकाकी उतरवायची, मग प्रायमर, त्यावर काळा हात, आणि शेवटी सोनेरी-तांबूस रंग कोरड्या ब्रशने कडांवर घासायचा. प्रायमर टाळला तर रंग टिकत नाही. माझ्या पहिल्या दिव्याचे पापुद्रे दुसऱ्या पावसाळ्यात निघाले, आणि आतला पांढरा पाइप दिसला तेव्हा फार वाईट वाटलं. नळी वाकवायची तर आत वाळू भरून बाहेर अंगणात, अगदी मंद उष्णतेवर. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो छातीत जाऊ देऊ नका.

तांब्यासाठी प्लंबरच्या दुकानात जाऊ नका, एसी बसवणाऱ्याकडे जा. पाव इंची आणि तीन-अष्टमांश इंची मऊ नळीचे उरलेले तुकडे त्याच्याकडे पडलेले असतात, आणि त्यांना बसणारे फ्लेअर नट (नळीचं तोंड पसरवून आवळायचे नट) पितळेचेच. फ्लेअर जोड पान्याने आवळला की झालं, आच लागत नाही. सोल्डरचा डाग देऊन जोडायचं असेल तर साधी सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, कारण तांबं उष्णता झटकन ओढून नेतं. छोटा टॉर्च लागतो. आम्लाचा फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचा लेप) वापरलात तर जोड लगेच गरम पाण्याने धुवा, नाहीतर आठवड्यात तिथे हिरवा थर चढतो.

समुद्राच्या खाऱ्या हवेत तांबं काळवंडणारच. इथेच माझं मत पक्कं झालं: पीव्हीसीवरचा रंग जुना झाला की खराब दिसतो, तांबं जुनं झालं की तपकिरी, जिवंत दिसतं. नको वाटलं तर चिंच किंवा सोलं (आमसुलं) घासा. चवथीआधी घरातल्या समया घासतो, तसंच. चमक टिकवायला लॅकर (पारदर्शक वार्निश) मारायचा असेल तर जून उजाडायच्या आत मारा. दमट हवेत तो दुधाळ होतो आणि सगळी चमक जाते. आणखी एक गोष्ट, तांब्याला लोखंडी स्क्रू लावू नका. ओलसर खाऱ्या हवेत दोन धातू भिडले की गंज लोखंडाला आधी खातो. पितळी स्क्रू घ्या.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा तिसरा पर्याय मी सुचवत नाही. जड असतो, आणि आटे पाडताना जस्ताचा थर निघतो, तिथूनच गंज धरतो.

विजेच्या बाबतीत पीव्हीसी सोपं, हे मान्य. धातूच्या दिव्यात २३० व्होल्ट नेलेत तर अर्थिंग हवंच. मी १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि एलईडी बल्ब वापरतो. नळी कापल्यावर आतली धारदार कड कानशीने घासून काढा, नाहीतर वायरचं आवरण तिथेच चिरतं.

मग पीव्हीसी कुणी घ्यावं? ज्याला शिगमोच्या चित्ररथासाठी किंवा कार्निव्हलसाठी मोठी यंत्रं करायची आहेत, त्याने नि:संकोच घ्यावं. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ८.९ ग्रॅम, पीव्हीसीची १.४. खांद्यावर तास-दोन तास वागवायचं असेल तर हा फरक जाणवतो. लहान मुलांना सोबत घेऊन करणार असाल तरी पीव्हीसीच. टॉर्च दूर राहील.

टेबलावरचा दिवा मात्र तांब्याचा करा. दिव्याच्या शोभेच्या बॉयलरसाठी भंगारवाल्याकडून वजनावर जुना पितळी तांब्या आणा, तळाशी फणसाच्या लाकडाची फळी द्या. त्यात खरी वाफ कोंडायचा प्रयत्न कधी करू नका. नेहमीचं ६०-४० (कथील-शिसं) सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं, आणि बंद भांड्यातली वाफ त्याआधीच जोड फाडू शकते. दाबाचं घड्याळ हवं असेल तर जुनं, बंद पडलेलं लावा, काटा कुठेही अडकलेला चालतो.